झपाटलेली घरे आणि कॅमेरा

भुताटकीसाठी बदनाम झालेल्या इमारतीबाहेर रात्री कॅमेरा लावून बसण्याची प्रथा फोटोग्राफीइतकी जुनी नाही. भुतांचे पहिले फोटो स्टुडिओत, भर दिवसाच्या उजेडात, पैसे मोजून खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकांसोबत निघाले. कॅमेरा घराबाहेर पडून जुन्या वाड्यांकडे, चर्चकडे आणि पडक्या बंगल्यांकडे वळला, तो प्लेटा वेगवान झाल्यावर आणि अंधारात उजेड पाडण्याची साधने हाती आल्यावर. या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट सतत दिसते. फोटोतल्या भुताचे रूप त्या त्या काळच्या कॅमेऱ्याने ठरवले आहे. ओल्या प्लेटांच्या काळात भूत म्हणजे खुर्चीमागे उभा असलेला मृत आप्त होता, लांब एक्स्पोजरच्या काळात आरपार दिसणारा माणूस, फ्लॅशच्या काळात धुरकट आकृती, आणि डिजिटल कॅमेरा आल्यावर हवेत तरंगणारा प्रकाशाचा गोळा.

या सगळ्याची तांत्रिक बीजे फोटोग्राफीच्या पहिल्या दिवसांतच सापडतात. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा रस्ता गजबजलेला असूनही तो चित्रात जवळजवळ निर्मनुष्य उमटला. एक्स्पोजर काही मिनिटांचे असल्यामुळे चालणारी माणसे आणि गाड्या प्लेटवर टिकल्याच नाहीत. उरला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला एक माणूस. जो थांबतो तो उमटतो, जो चालतो तो पुसला जातो, आणि जो थोडा वेळ थांबून निघून जातो तो अर्धवट, पारदर्शक उमटतो, हा नियम तेव्हापासून कॅमेऱ्याच्या स्वभावातच आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८५६ मध्ये स्टिरिओस्कोप या चित्रे उठावदार दाखवणाऱ्या उपकरणावरच्या आपल्या पुस्तकात करमणुकीसाठी याचा उपयोग कसा करता येईल ते सांगून ठेवले होते. पांढऱ्या वस्त्रातल्या माणसाने काही क्षण चौकटीत उभे राहून बाजूला व्हायचे, म्हणजे मागची भिंत त्याच्या अंगातून दिसते. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने अशा भूतचित्रांची कार्डे विकलीही. ती विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ती गंमत आहे हे ठाऊक होते.

गंमतीचा दावा बनला तो अमेरिकेत. बॉस्टनमध्ये दागिन्यांवर कोरीवकाम करणाऱ्या विल्यम मम्लरने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचा फोटो काढला, आणि त्यात त्याच्याशेजारी एक फिकट मुलगी उमटली. त्या काळी काचेची प्लेट घासूनपुसून पुन्हा वापरत. धुणे नीट झाले नाही तर आधीच्या चित्राचा ठसा नव्या चित्रात डोकावे. सुरुवातीला मम्लरलाही हेच कारण वाटले होते. पण परलोकविद्येवर विश्वास असणाऱ्यांनी ती आकृती मृतात्म्याची ठरवली आणि त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटले होते. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत लाखो घरांतली माणसे गेली, आणि कित्येकांचे देहही घरच्यांना पाहायला मिळाले नाहीत. मम्लरच्या धंद्याचा विचार करताना हे दुःख बाजूला ठेवता येत नाही. त्याच्यासमोर बसलेली बहुतेक माणसे भूत पाहायला आलेली नव्हती. ती आपला मुलगा किंवा नवरा पुन्हा एकदा पाहायला आली होती.

पुढे बॉस्टनमध्ये त्याच्या फोटोंतले काही ‘आत्मे’ शहरात हिंडणाऱ्या जिवंत माणसांचे निघाले. मम्लर न्यूयॉर्कला गेला आणि १८६९ मध्ये तिथे त्याच्यावर फसवणुकीचा खटला उभा राहिला. सर्कस आणि तमाशांचा प्रसिद्ध आयोजक पी. टी. बार्नम सरकारी बाजूने साक्षीला आला. अब्राहम बोगार्डस या छायाचित्रकाराने बार्नमचा फोटो काढून त्याच्यामागे अब्राहम लिंकनचे ‘भूत’ उमटवून दाखवले होते. तरीही न्यायाधीशांनी मम्लरला सोडले. फसवणूक झाल्याची आपली खात्री आहे, पण ती नेमकी कशी केली हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे लिंकन यांच्या विधवा पत्नी मेरी यांनीही मम्लरकडे फोटो काढून घेतला. त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून उभी असलेली लिंकनची पुसट आकृती त्या फोटोत दिसते.

मम्लरनंतर हा धंदा लंडन आणि पॅरिसमध्ये पोचला. पॅरिसच्या एदुआर ब्युगेला १८७५ मध्ये अटक झाली. पोलिसांना त्याच्या स्टुडिओत पुठ्ठ्याची डोकी आणि जाळीदार कापड सापडले, आणि त्याने सगळे कबूलही केले. या खटल्यातला सर्वांत बोलका भाग त्याच्या कबुलीनंतरचा आहे. साक्षीला आलेल्या अनेक गिऱ्हाइकांना ती पुठ्ठ्याची डोकी दाखवली, तरी आपल्याला मिळालेला चेहरा आपल्याच माणसाचा होता यावर ती ठाम राहिली.

पहिल्या महायुद्धाने ही लाट पुन्हा उसळली. इंग्लंडमधल्या क्रू या गावचा सुतार विल्यम होप १९०५ पासून आत्म्यांचे फोटो काढत होता. हॅरी प्राइस या संशोधकाने फेब्रुवारी १९२२ मध्ये त्याची परीक्षा घेतली. इम्पीरियल ड्राय प्लेट कंपनीकडून क्ष-किरणांनी गुप्त खूण केलेल्या प्लेटा मिळवून त्याने त्या होपकडे दिल्या. होपने परत दिलेल्या प्लेटांवर ‘आत्मा’ होता, खूण नव्हती. मधल्या वेळात प्लेटा बदलल्या गेल्या होत्या. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी त्याच वर्षी होपच्या बाजूने पुस्तक लिहिले. त्यांचा मुलगा १९१८ मध्ये गेला होता, आणि एवढा तर्कनिष्ठ नायक घडवणारा लेखक असा कसा वागला, हा प्रश्न ते लक्षात घेतल्याशिवाय विचारणे अन्यायाचे आहे.

एडा डीन या बाईंच्या फोटोंनी मात्र कॅमेरा स्टुडिओबाहेर, सार्वजनिक जागी आणला. लंडनमधल्या सेनोटाफ या युद्धस्मारकासमोर दरवर्षी ११ नोव्हेंबरला दोन मिनिटांची स्तब्धता पाळतात. १९२२ पासून सलग तीन वर्षे त्यांनी त्या वेळी फोटो काढले आणि गर्दीवर तरंगणारे सैनिकांचे चेहरे दाखवले. १९२४ मध्ये ‘डेली स्केच’ या वृत्तपत्राने त्यांतले चेहरे ओळखले. ते फुटबॉलपटू जिमी सीड आणि मुष्टियोद्धा बॅटलिंग सिकी यांच्यासारख्या जिवंत खेळाडूंचे होते.

इमारतीच्या भुताचा इतिहास याला समांतर, पण वेगळ्या वाटेने गेला. इथे गिऱ्हाईक नव्हते आणि विकायला काही नव्हते. होती ती एक जागा आणि तिच्याविषयीची आख्यायिका. इंग्लंडमधल्या कोम्बरमिअर ॲबीच्या ग्रंथालयात सिबेल कॉर्बेट यांनी डिसेंबर १८९१ मध्ये सुमारे तासाभराचे एक्स्पोजर दिले. त्याच सुमारास घरमालक लॉर्ड कोम्बरमिअर यांचा दफनविधी चालू होता. प्लेट धुतल्यावर खुर्चीत बसलेल्या एका माणसाचे डोके आणि हात दिसले, पाय मात्र नव्हते. तासाभरात कोणी नोकर येऊन क्षणभर खुर्चीत टेकला असेल तर नेमके असेच चित्र मिळते. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बॅरेट यांनी तसा प्रयोग करून पाहिला होता.

रात्रीचे छायाचित्रण याच सुमारास आकाराला येत होते. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर लखलखाट करण्याची युक्ती १८८७ मध्ये जर्मनीत निघाली. पॉल मार्टिन यांनी १८९५-९६ च्या सुमारास दिव्यांच्या उजेडातल्या लंडनचे फोटो घेतले तेव्हा ओलसर रस्ते, दिवे आणि धुके उमटले, वाटसरू मात्र उमटले नाहीत. झपाटलेल्या घरासमोर रात्री कॅमेरा लावणाऱ्याला हे दोन्ही वारसे मिळाले. लांब एक्स्पोजर दिले तर हलणारे सगळे विरघळते. भुकटी पेटवली तर लख्ख उजेड मिळतो, पण मागे दाट पांढरा धूर राहतो आणि पुढच्या फोटोत तोच तरंगत असतो. १९३० च्या सुमारास काचेतले फ्लॅश-बल्ब बाजारात आले आणि धुराची अडचण संपली.

नॉरफोकमधल्या रेनम हॉलची ‘तपकिरी बाई’ या नव्या साधनाच्या काळातली आहे. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांची बहीण डोरोथी १७२६ मध्ये वारली आणि तिचा आत्मा या घरात फिरतो अशी दंतकथा होती. १९ सप्टेंबर १९३६ रोजी कॅप्टन ह्युबर्ट प्रोव्हांड आणि इंद्रे शिरा हे दोघे घराचे फोटो काढत असताना, जिन्यावरून काही धुरकट उतरताना शिराला दिसले आणि त्याच्या सांगण्यावरून प्रोव्हांडने प्लेट उघडली. तो फोटो त्याच वर्षी २६ डिसेंबरच्या ‘कंट्री लाइफ’मध्ये छापला गेला आणि आजवर छापल्या गेलेल्या भुतांच्या फोटोंपैकी बहुधा तोच सर्वांत प्रसिद्ध आहे. दुहेरी एक्स्पोजर, मधेच हललेला कॅमेरा, कॅमेऱ्याच्या पेटीत शिरलेला उजेड, अशी अनेक कारणे त्यानंतर पुढे आली. निगेटिव्हमध्ये कोणी नंतर हात घातल्याचे तपासणाऱ्यांना आढळले नव्हते. पण निगेटिव्ह शाबूत असणे आणि समोर भूत असणे यांत फार मोठे अंतर आहे. या क्षेत्रातले बहुतेक वाद हे अंतर विसरल्यामुळेच माजले.

होपला पकडणारा हॅरी प्राइस या कथेतला मध्यवर्ती माणूस आहे, आणि त्याचे चरित्र सरळ नाही. त्याने १९२६ मध्ये लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली. १९३६ मध्ये केंट परगण्यातल्या एका झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या घरातून त्याने बीबीसीवर थेट प्रक्षेपण केले. त्याच वर्षीच्या पुस्तकात त्याने आपल्या पेटीतल्या सामानाची यादी दिली आहे. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून फेल्टची पादत्राणे, पोलादी मोजपट्टी, दारे-खिडक्या सीलबंद करायला दोरे आणि शिसे, कॅमेरे आणि फ्लॅश-बल्ब, दुरून चालवता येणारा चलच्चित्र कॅमेरा, तापमापक, बोटांचे ठसे घेण्यासाठी ग्रॅफाइटची भुकटी, जमिनीची थरथर कळावी म्हणून पाऱ्याचे भांडे, आणि कोणाला दुखापत झालीच तर आयोडीन व ब्रँडी. रात्रीच्या पाळतीची आजची सगळी पद्धत या यादीत जवळजवळ पूर्ण सापडते. फक्त उपकरणांची नावे बदलली आहेत.

प्राइसचे नाव कायमचे जोडले गेले ते इसेक्समधल्या बोर्ली रेक्टरीशी. रेव्हरंड हेन्री बुल यांनी १८६२-६३ मध्ये लाल विटांचे हे मोठे पाद्रीनिवास बांधले. आवारात पूर्वी मठ होता आणि प्रेमप्रकरणामुळे मारल्या गेलेल्या जोगिणीचा आत्मा बागेत फिरतो, अशी कथा होती. मठाला कोणताही ऐतिहासिक पुरावा मिळाला नाही. २८ जुलै १९०० रोजी बुल घराण्यातल्या बहिणींनी बागेत ती आकृती पाहिल्याचे सांगितले आणि ती तारीखच पुढे पाळतीची ठरीव रात्र झाली. १९२९ च्या जूनमध्ये तिथल्या नव्या पाद्र्याने सल्ल्यासाठी ‘डेली मिरर’ला पत्र लिहिले. वृत्तपत्राने आधी बातमीदार पाठवला आणि मग प्राइसला. प्राइस आल्यावर दगड पडू लागले, वस्तू फुटू लागल्या. त्याच्या कोटाच्या खिशात खडे सापडल्याचे एका बातमीदाराने त्याच्या मृत्यूनंतर लिहिले.

मे १९३७ मध्ये प्राइसने ते रिकामे घर वर्षभरासाठी भाड्याने घेतले आणि ‘द टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन निरीक्षक मागवले. दोनशेहून अधिक अर्जांतून ४८ जण निवडले गेले. त्यांच्यासाठी एक छापील सूचनापुस्तिका होती. कुठे उभे राहायचे, काही दिसले तर आधी काय करायचे, वेळ कशी नोंदवायची, कॅमेरा कधी उचलायचा, हे सगळे तीत लिहिलेले होते. आधीच्या रहिवाशांच्या काळात भिंतींवर पेन्सिलीने लिहिलेला मजकूर उमटला होता. नवा मजकूर ओळखता यावा म्हणून निरीक्षक जुन्या खुणांभोवती गोल काढून तारीख टाकत आणि फोटो घेत. बोर्लीच्या फोटोंपैकी पुरावा म्हणून वजनदार म्हणता येतील असे हेच. पण भिंतीवर काय लिहिले होते तेवढेच त्यांवरून कळते. कोणी लिहिले, या प्रश्नाला कॅमेरा उत्तर देऊ शकत नव्हता, कारण लिहिले जाताना तो तिथे नव्हता.

२७ फेब्रुवारी १९३९ च्या रात्री घर जळाले. नव्या मालकाच्या हातून तेलाचा दिवा उलटल्याचे सांगितले गेले, पण विमा कंपनीने आग मुद्दाम लावल्याचा निष्कर्ष काढला. प्राइसने १९४० मध्ये या घराला ‘इंग्लंडमधले सर्वांत झपाटलेले घर’ म्हणणारे पुस्तक काढले. छप्पर उडालेल्या भिंतींभोवती केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी युद्धकाळातही रात्री जागवल्या. १९४४ मध्ये अवशेष पाडायला घेतले. ५ एप्रिल १९४४ रोजी प्राइस अमेरिकन ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकारासह तिथे गेला, आणि घेतलेल्या एका फोटोत काळोख्या दारापुढे एक वीट हवेत तरंगताना उमटली. प्राइसने १९४६ च्या पुस्तकात हा फोटो कुतूहल वाढवणाऱ्या मजकुरासह छापला.

प्राइस मार्च १९४८ मध्ये वारला. सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या १८८२ पासून अशा घटनांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या तीन सभासदांनी बोर्लीची सगळी कागदपत्रे पुन्हा तपासली आणि १९५६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. विटेच्या फोटोच्या दिवशी ‘लाइफ’तर्फे बरोबर असलेल्या महिलेने त्यांना स्पष्ट सांगितले होते की भिंतीमागे एक मजूर विटा काढून फेकत होता आणि तो तिथे असल्याचे सर्वांनी पाहिले होते. फोटो खरा, वीट खरी, हवेत असणेही खरे. चौकटीबाहेरचा मजूर तेवढा वाचकाला दाखवला गेला नाही. होपच्या प्लेटा पकडणाऱ्या माणसाने हे करावे ही खेदाची गोष्ट आहे, कारण चौकटीबाहेर काय होते ते नोंदवण्याची शिस्त इतरांना त्यानेच शिकवली होती.

बोर्लीनंतरच्या दशकांतला सर्वांत शिकवणारा फोटो लंडनमधल्या ग्रिनिचचा आहे. १९ जून १९६६ रोजी कॅनडातून आलेले निवृत्त पाद्री राल्फ हार्डी यांनी क्वीन्स हाउसमधल्या ट्युलिप जिन्याचा फोटो घेतला. फिल्म घरी धुतल्यावर कठड्याला धरून वर चढणाऱ्या झगेधारी आकृत्या दिसल्या. एक्स्पोजर चार ते सहा सेकंदांचे होते. तेवढ्या वेळात जिन्याने चढून जाणारा एकच माणूस दोन-तीन पुसट आकृत्यांसारखा उमटू शकतो. पुढच्या वर्षी ‘घोस्ट क्लब’ या भुताटकीचा शोध घेणाऱ्या मंडळाच्या सभासदांनी तिथे कॅमेरे लावून रात्र काढली, पण तसे काही हाती लागले नाही.

अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिलमधल्या एका घरात १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच कुटुंबातल्या सहा जणांचा खून झाला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तिथे राहायला आलेले कुटुंब घर झपाटलेले असल्याचे सांगून महिनाभरातच सोडून गेले. त्यावर १९७७ मध्ये पुस्तक आले, १९७९ मध्ये चित्रपट. चित्रपटाचे चित्रण दुसऱ्याच राज्यातल्या दुसऱ्याच घरात झाले होते, तरी बघ्यांची गर्दी खऱ्या घरासमोर जमू लागली. डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या खिडक्या पुढे बदलण्यात आल्या आणि घराचा क्रमांकही बदलला. नंतर तिथे नांदलेल्या कुटुंबांना भुतांचा त्रास झाला नाही, फोटो काढणाऱ्यांचा झाला. झपाटलेल्या घरांच्या इतिहासात ही बाजू क्वचितच लिहिली जाते. बोर्लीच्या गावकऱ्यांनीही ती सोसली. घर नाहीसे झाल्यावर लोक रात्री तिथल्या चर्चबाहेर कॅमेरे घेऊन जमू लागले.

इमारतीबाहेरून रात्री घेतलेल्या फोटोंत श्रॉपशरमधल्या वेम गावाचा फोटो वेगळा ठरतो. १९ नोव्हेंबर १९९५ रोजी तिथला टाउन हॉल जळत असताना रस्त्यापलीकडून गावातल्या एका हौशी छायाचित्रकाराने फोटो घेतले. एकात, जळत्या दारात, जुन्या वेशातली एक लहान मुलगी उभी दिसली. १६७७ मध्ये मेणबत्तीमुळे वेम जळून खाक झाले होते आणि तो ठपका एका मुलीवर आला होता, हे गावाला ठाऊक होते. त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे माजी अध्यक्ष व्हर्नन हॅरिसन यांना निगेटिव्हमध्ये लबाडी आढळली नाही. धूर आणि जळती लाकडे यांतून तो भास झाला असावा, असे त्यांचे मत होते. ब्रॅडफर्डच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञांना मात्र मुलीच्या चेहऱ्यावर दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच्यासारख्या आडव्या रेषा दिसल्या. पंधरा वर्षांनी उलगडा झाला. २०१० मध्ये स्थानिक ‘श्रॉपशर स्टार’ने १९२२ सालचे वेमच्या रस्त्याचे एक पोस्टकार्ड छापले आणि एका वृद्ध वाचकाला त्यात तीच मुलगी, त्याच टोपीत आणि त्याच पट्ट्यात, रस्त्याकडेला उभी असलेली दिसली.

डिजिटल कॅमेऱ्याने चित्र पुन्हा बदलले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस छोटे डिजिटल कॅमेरे घरोघरी आले आणि झपाटलेल्या जागांचे फोटो गोल, पारदर्शक, कडेला किंचित उजळ ठिपक्यांनी भरून गेले. भूतशोधक त्यांना ‘ऑर्ब’ म्हणू लागले. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मोस्ट हाँटेड’ आणि २००४ मध्ये अमेरिकेत ‘घोस्ट हंटर्स’ या मालिका सुरू झाल्या. त्यांनी रात्रीच्या हिरवट चित्रणासह हे ठिपके घराघरांत नेले. अशा चित्रणाला लागणारे, अवरक्त उजेडात पाहणारे व्हिडिओ कॅमेरे १९९८ पासून बाजारात होते.

ऑर्ब का दिसतात याचे उत्तर कॅमेऱ्याच्या बांधणीत आहे. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगापासून अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर असतो. भिंगाच्या अगदी पुढ्यात तरंगणारा धुळीचा कण त्या उजेडाने लख्ख उजळतो आणि तो उजेड सरळ भिंगात परततो. कण इतका जवळ असल्याने फोकसबाहेर जातो आणि ठिपक्याऐवजी चकती होऊन उमटतो. पावसाचे थेंब, परागकण, चिलटे, धुक्याचे तुषार, सगळ्यांचे असेच होते. पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांना हा त्रास फार आधीपासून माहीत होता, म्हणून ते फ्लॅश लांब दांड्यावर, भिंगापासून दूर धरतात. पडक्या वास्तूंत ऑर्ब अधिक का मिळतात, हेही यातूनच कळते. गळणारा चुना, कुजलेले लाकूड, वर्षानुवर्षे न झाडलेली जमीन आणि तिच्यावरून नुकतीच चाललेली दहा-बारा माणसे, एवढे असले की हवा कणांनी भरते. कॅमेरा तिपाईवर ठेवून फ्लॅश बंद केला आणि एक्स्पोजर वाढवले की गोळे जातात. शेजारी शेजारी दोन कॅमेरे लावून एकाच क्षणी फोटो घेतले तर दूरची वस्तू दोन्हींत दिसायला हवी, पण भिंगाजवळचा कण सहसा एकाच फोटोत असतो.

बाहेरच्या अंधारात आणखीही सापळे आहेत. थंडीत छायाचित्रकाराचा स्वतःचा श्वास फ्लॅशपुढे पांढऱ्या ढगासारखा उमटतो. कॅमेऱ्याचा पट्टा भिंगापुढे लोंबला तर फोटोत चमकणारा वळणदार दोर दिसतो आणि त्याला भूतशोधक ‘भोवरा’ म्हणतात. रस्त्यावरचा दिवा चौकटीत असेल तर चौकटीच्या मध्यबिंदूपलीकडे, अगदी समोरासमोर, भिंगात परावर्तित झालेला फिकट डाग येतो. जुन्या खिडक्यांच्या काचा सपाट नसतात. चंद्राच्या उजेडातले झाड किंवा ढग त्यांत वेडेवाकडे उमटतात आणि काळोख्या खिडकीत चेहरा दिसू लागतो. दोन गडद ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्यावरही माणसाचा मेंदू चेहरा ओळखतो. तान्ह्या बाळाला आईचा चेहरा लवकर ओळखता यावा यासाठी हीच क्षमता लागते, म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही. संवेदनशीलता फार वाढवली की सेन्सर स्वतःच रंगीत ठिपके उमटवतो. २०१८ पासून फोनमध्ये आलेल्या रात्रीच्या छायाचित्रणाच्या सोयीत फोन अनेक फोटो पाठोपाठ घेऊन त्यांचा एक करतो. त्या दरम्यान कोणी चालत गेले तर त्याचा हात एका ठिकाणी आणि धड दुसऱ्या ठिकाणी उरू शकते. दागेरच्या रस्त्यावरचे वाटसरू ज्या कारणाने हरवले, त्याच कारणाचे हे नवे रूप. शिवाय २०१० च्या सुमारास फोटोत तयार भूत चिकटवणारी फोनची ॲप आली, आणि एकाच मुलीचे ‘भूत’ वेगवेगळ्या गावांच्या फोटोंत झळकू लागले.

महाराष्ट्रात या प्रथेचे सर्वांत ओळखीचे ठिकाण पुण्याचा शनिवारवाडा आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी इथे झाला आणि त्यांची आर्त हाक पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते, ही कथा पुण्यातल्या मुलांना शाळेत जाण्याआधीच कळते. वाड्याच्या आतला बहुतेक भाग १८२८ च्या आगीत गेला. रात्री वाडा बंद असतो, म्हणून हौशी मंडळी दिल्ली दरवाजासमोर, बाहेरूनच फोन रोखतात. मागे गजबजलेला रस्ता, वाहनांचे दिवे, तटावर पडणारा विजेचा उजेड आणि धूळ असे सगळे तिथे एकत्र असल्यामुळे वर सांगितलेला जवळजवळ प्रत्येक परिणाम एकाच फोटोत मिळू शकतो. इकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी गावोगावी बदनाम झालेल्या घरांत आणि स्मशानांत अमावास्येच्या रात्री जाऊन राहण्याचा मार्ग धरला. त्यांची पद्धत प्राइसच्या पाळतीशी मिळतीजुळती असली तरी हेतू वेगळा आहे. गावकऱ्यांच्या मनातली भीती जावी, यासाठी ते तिथे राहतात.

आज गांभीर्याने काम करणारे निरीक्षक काही नियम पाळतात, आणि त्यांतला प्रत्येक नियम एखाद्या जुन्या प्रकरणातून आलेला आहे. त्याच जागेचे दिवसा आणि रात्री आधी साधे फोटो घ्यायचे, म्हणजे खिडकीतला ‘चेहरा’ दिवसा पडदा निघाला तर कळते. मूळ फाइल न बदलता जपायची. हवामान, दमटपणा आणि चंद्राची तिथी लिहून ठेवायची. फोटोच्या क्षणी कोण कुठे उभे होते याचा आराखडा काढायचा. आवारात शिरण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यायची.

या इतिहासाचे मूळ साहित्य विखुरलेले असले तरी बरेचसे जपले गेले आहे. होपच्या फोटोंचा अल्बम ब्रॅडफर्डच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. प्राइसचा ग्रंथसंग्रह आणि बोर्लीची कागदपत्रे लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस ग्रंथालयात आहेत. मम्लरचे फोटो लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात पाहता येतात. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फोटोग्राफी आणि गूढविद्या यांवर मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा मम्लर, ब्युगे आणि होप यांचे फोटो त्यात होते. ज्या फोटोंवर एके काळी न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत खरेखोटेपणाचे वाद झडले, ते आता फोटोग्राफीच्या इतिहासाचा भाग म्हणून अभ्यासले जातात.